पहिलं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल घेताय? बोअर, झटका आणि काडतुसाचा हिशोब आधी मांडा

अमळनेरला आमची छोटी सराफी पेढी आहे. आजूबाजूच्या गावांच्या आठवडे बाजारात आम्ही दागिन्यांचा डबा घेऊन बसतो. संध्याकाळी तोच डबा मोटारसायकलला किंवा गाडीत बांधून परत यायचं. कापसाचा हंगाम संपला की रस्ते सुनसान होतात. एकदा चोपड्याच्या बाजूने येताना दोन गाड्या बराच वेळ मागे लागल्या, तेव्हापासून घरातल्या सगळ्यांनी शस्त्र परवान्याचा आग्रह धरला. परवाना मिळाला, शस्त्रही घेतलं आणि पहिलंच शस्त्र चुकीचं घेतलं. आता ओळखीपाळखीतून कोणी ना कोणी विचारायला येतो, "भाऊ, कोणतं घेऊ?" प्रत्येकाला दुकानात जायच्या आधी सांगायचं ते सगळं इथे क्रमाने लिहितो.

## १. आधी ठरवा, हवंय कशासाठी

अर्जात कारण लिहावंच लागतं, पण त्याआधी ते स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे. मौल्यवान माल किंवा रोकड घेऊन जाणं, जिवाला खरोखर धोका असणं, नेमबाजीचा खेळ ही कारणं टिकतात. "सगळ्यांकडे आहे म्हणून" हे टिकत नाही, टिकूही नये.

रावेर, यावल भागातले केळीवाले भाऊ रानडुकरांसाठी विचारतात. त्यांना स्पष्ट सांगतो की त्यासाठी हाताची बंदूक मागू नका. पीक संरक्षणासाठी कायद्यात लांब नळीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि रानडुकराला मारायचं तर वन खात्याचे नियम आणखी वेगळे. अंधारात, पळत्या जनावरावर रिव्हॉल्वर चालवणं म्हणजे शेजारच्या मळ्यात झोपलेल्या सालदाराचा जीव धोक्यात घालणं.

घरात कोणाला दारूचं व्यसन असेल, रोजची भांडणं असतील, कोणी खचलेल्या मनःस्थितीत असेल, तर शस्त्र आणू नका. पेढीला कॅमेरा लावा, भक्कम तिजोरी घ्या, बाजारातून एकटे येऊ नका. त्याने जेवढं काम होतं तेवढं बऱ्याचदा पुरतं.

## २. परवाना: कागद आणि वाट

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. कायदा १९५९चा शस्त्र अधिनियम आणि नियम २०१६चे. वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, आता केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून. परवान्याला एक युनिक क्रमांक मिळतो, तो नसलेला परवाना हा परवानाच नाही.

जमवायचे कागद:

- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो
- जन्मतारखेचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा
- शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यात व्यसन नसल्याचा उल्लेख
- शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र
- कारणाला आधार देणारे कागद: दुकानाचा परवाना, जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्रं, सातबारा-८अ, आधी दिलेल्या तक्रारींच्या प्रती

अर्ज गेला की चौकशी पोलीस ठाण्याकडे येते. गावात पोलीस पाटलांना विचारतात, शेजाऱ्यांचे जबाब होतात. जुना गुन्हा, अगदी शेताच्या बांधावरून झालेली मारामारी असली तरी लपवू नका. ती निघतेच, आणि लपवल्याचा डाग मूळ भांडणापेक्षा मोठा पडतो. अर्ज नाकारला तर कारणांसह लेखी आदेश मागा. त्यावर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

या टप्प्यावर दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे "परराज्यातून परवाना काढून देतो" म्हणणारा दलाल. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या परवान्यांची सीबीआयने चौकशी केली, ती अशाच प्रकारातून. दुसरा त्याहून वाईट, सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा. तो स्वस्त पडतो, लगेच मिळतो, आणि गावात दाखवणारा एखादा पोरगा असतोच. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन ते पाच वर्षांची कैद आहे. त्याशिवाय त्या कट्ट्याची नळी कुठल्या लोखंडाची आहे हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ती हातातच फुटू शकते.

२०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. म्हणून पहिली निवड विचारपूर्वक करा. नंतर बदलायचं म्हटलं तर विक्रीसाठी आधी जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, परवान्यावर नोंदी फिरवाव्या लागतात, नवीन शस्त्र तपासणीला दाखवावं लागतं. मी हे सगळं करून बसलो आहे.

## ३. बोअर: अर्धी निवड कायद्यानेच केलेली आहे

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचं माप, त्यावरून काडतूस ठरतं. इंटरनेटवर जे व्हिडिओ दिसतात ते अमेरिकेतले. तिथे ९ एमएम घ्या, .३८ घ्या असं सांगतात. आपल्याकडे ९ एमएम, .३८, .४५५ ही प्रतिबंधित बोअर आहेत, सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात दोनच गोष्टी उरतात: .३२ आणि .२२.

.३२ म्हटलं की नवा माणूस एकच बोअर समजतो. हाच सगळ्यात मोठा घोळ. रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगवेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब असतं आणि त्याच्या बुडाला ठळक कड असते, ती सिलिंडरवर, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या चक्रावर, अडकते. पिस्तुलाचं आखूड, कड अगदी नावापुरती, म्हणजे मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डब्यात) एकावर एक नीट बसावं. दुकानात ".३२ची पेटी द्या" असं अर्धवट बोलू नका. "रिव्हॉल्वरचं" किंवा "पिस्तुलाचं" हा शब्द जोडा आणि पेटीवरचं लिहिलेलं स्वतः वाचा.

ताकदीत दोघांत फार फरक नाही. रिव्हॉल्वरची गोळी जड, साधारण ६.३ ग्रॅमची, आणि हळू जाते. पिस्तुलाची ४.६ ग्रॅमची, पण वेगाने. दोन्ही ९ एमएमपेक्षा खूप सौम्य, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या ऊर्जेच्या. म्हणूनच मी म्हणतो, .३२ घेऊन कोणी "पाडून टाकू" या भ्रमात राहू नये. .३२चा उपयोग नेमक्या जागी लागलेल्या गोळीचा आहे, आणि नेम सरावाशिवाय येत नाही.

.२२ची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. झटका नगण्य, काडतूस स्वस्त. संरक्षणाला ती कमी पडते हे खरं. शिवाय .२२चं काडतूस बुडाच्या कडेवर पेटतं, त्यामुळे एखादं न पेटण्याचं प्रमाण .३२पेक्षा जास्त. पण शिकायला यापेक्षा चांगला बोअर नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, तो प्रकार .२२चाच आहे.

बाजारात काय आहे, तेही थोडक्यात. सरकारी कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्वर, जुन्या वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं, सहा राउंडचं, म्हणजे सहा काडतुसं मावणारं. कानपूरचं 'निर्भीक' २०१४मध्ये आलं, सुमारे ५०० ग्रॅमचं. 'निडर' हे .२२चं, सुमारे २५० ग्रॅमचं, इतकं हलकं की पहिल्यांदा हातात घेतलं की खेळणं वाटतं. 'प्रबल' हे ऑगस्ट २०२३मध्ये आलेलं .३२चं, सुमारे ७०० ग्रॅमचं, सिलिंडर बाजूला उघडणारं. पिस्तुलात 'अशनी'. उत्तर प्रदेशातल्या हरदोईला वेब्ली अँड स्कॉटच्या नावानेही .३२ रिव्हॉल्वर तयार होतं. जुनी विलायती पिस्तुलं पण फिरतात, पण नागरिकांसाठी आयात बंद असल्याने त्यांचे भाव लाखांत आणि स्प्रिंग मोडली तर सुटा भाग मिळत नाही. पहिल्या शस्त्रासाठी त्या वाटेला जाऊ नका.

## ४. झटका: इथेच माझी चूक झाली

मी हलकं रिव्हॉल्वर घेतलं होतं. कारण एकच: बंडीच्या खिशात मावत होतं. बाजारात दिवसभर बसायचं, उन्हाळ्यात ४५ अंशांत जड वजन कमरेला कोण बांधणार, असा माझा विचार. दुकानात हातात घेतलं तेव्हा बरंही वाटलं. दुकानात गोळी मात्र कुणी झाडत नाही.

झटक्याचं गणित सोपं आहे. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाते तेवढ्याच जोराने शस्त्र मागे येतं. गोळी तीच ठेवून शस्त्र हलकं केलं तर ते जास्त वेगाने मागे येणार. ७०० ग्रॅमच्या जागी ५०० ग्रॅमचं घेतलं की हाताला पोचणारी झटक्याची ऊर्जा साधारण ४० टक्क्यांनी वाढते. .३२ मुळात सौम्य आहे, मनगट मोडत नाही. पण आखूड मुठीवर करंगळी बसत नाही, मूठ हातात फिरते, प्रत्येक राउंडनंतर पकड परत बसवावी लागते. आणि छोट्या नळीचा आवाज कानाशी वेगळाच फुटतो. नवख्या माणसाला मनगटापेक्षा तो आवाज आणि ती वाट पाहणं जास्त छळतं.

नाशिकच्या एका नेमबाजीच्या रेंजवर मी पहिल्यांदा सरावाला गेलो. दहा मीटरवर कागद, पहिल्या सहा राउंडपैकी दोन लागले, तेही खालच्या कडेला. मी म्हटलं माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, वाकडी आहे. शिकवणारे सर काही बोलले नाहीत. त्यांनी रिव्हॉल्वर घेतलं, माझ्याकडे पाठ करून त्यात तीन जिवंत राउंड आणि तीन रिकामी टरफलं मिसळून भरली आणि माझ्या हातात दिलं. कुठल्या वेळी गोळी सुटेल हे मला माहीत नव्हतं. पहिली सुटली. दुसऱ्या वेळी चाप ओढला, नुसता 'टक्' आवाज झाला, आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: नळीचं तोंड झटकन खाली गेलं होतं. झटका आलाच नव्हता. तो येणार म्हणून माझ्या हाताने आधीच नळी खाली ढकलली होती.

सर म्हणाले, "माशी सरळ आहे, साहेब. तुमचा हात घाबरलाय."

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण दहा-बारा सेंटिमीटर अंतर. माशी एक मिलिमीटर खाली गेली की दहा मीटरवर गोळी आठ-दहा सेंटिमीटर खाली लागते. एक मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीहून थोडंसंच जास्त. त्या दिवशी मला कळलं की मी खिशाच्या मापाने शस्त्र घेतलं, हाताच्या मापाने नाही.

म्हणून झटक्यासाठी हे बघा:

वजन. पहिल्या शस्त्राला ६५०-७०० ग्रॅम जड नाही. चांगल्या पट्ट्यावर, चांगल्या कव्हरमध्ये ते दिवसभर जाणवत नाही. साधा पातळ पट्टा असेल तर ५०० ग्रॅमही लोंबतं.

मूठ. तिन्ही बोटं मुठीवर पूर्ण बसली पाहिजेत, आणि पहिल्या बोटाचं टोक चापावर सहज पोचलं पाहिजे. बायकांच्या, किंवा लहान हाताच्या पुरुषांच्या बाबतीत ही गोष्ट बोअरपेक्षा महत्त्वाची. "मॅडमसाठी छोटं घ्या" हा दुकानातला सल्ला बहुधा उलटा असतो. हलकं आणि छोटं म्हणजे जास्त झटका, तोच त्यांना अधिक त्रास देतो.

चापाचं ओझं. रिव्हॉल्वरमध्ये घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा खटका) न चढवता नुसता चाप ओढला तर तो लांब आणि जड असतो. घोडा आधी अंगठ्याने चढवला तर चाप हलका होतो. दोन्ही तऱ्हांनी, रिकाम्या शस्त्रावर, दुकानदाराच्या परवानगीने करून बघा. बोट थरथरायला लागलं तर शस्त्र तुमच्यासाठी नाही.

आणि कानांना संरक्षण. रेंजवर कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा नसताना एकही राउंड झाडू नका. ज्याचे कान पहिल्या दिवशी दुखले तो पुढे कायम चाप ओढताना डोळे मिटतो.

## ५. रिव्हॉल्वर की पिस्तूल

माझं मत: पहिलं शस्त्र रिव्हॉल्वर. न पेटलेला राउंड आला तर परत चाप ओढायचा, पुढचा राउंड येतो. भरलेलं आहे की रिकामं, हे सिलिंडर उघडून दोन सेकंदांत दिसतं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक राउंड नळीत राहू शकतो, आणि देशभर जे "रिकामं समजून" होणारे अपघात घडतात त्यात हा राहिलेला एक राउंड वारंवार असतो.

पिस्तूल चपटं असतं, कपड्यात लपतं, राउंड जास्त मावतात. पण .३२ पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला दोन्ही हातांत जोर हवा. आमच्या आईला ती ओढता येत नाही, घरात दुसऱ्याच्या हातीही ते शस्त्र जाऊ नये हा मुद्दा वेगळा. मूठ चुकीची धरली तर मागे येणारी स्लाइड अंगठ्यामागची कातडी सोलते. आमच्या भागात धूळ आणि कापसाचा भुगा, तोही पिस्तुलाच्या आत जाऊन बसतो. केळीच्या बागेतल्या भावांनी तर चिकाच्या हाताने कुठल्याच शस्त्राला हात लावू नये. तो चीक लोखंडावर काळा पडून चिकटतो आणि घासून निघत नाही.

पिस्तूल घ्यायचंच असेल तर आधी सहा महिने .२२ किंवा हवेच्या पिस्तुलावर हात बसवून घ्या.

## ६. काडतुसाचा हिशोब

बहुतेक जण शस्त्राच्या किमतीवर घासाघीस करतात आणि काडतुसाचा हिशोब विसरतात. शस्त्रावर कर मोठा आहे, २०२५च्या सप्टेंबरपासून रिव्हॉल्वर-पिस्तुलावर जीएसटी ४० टक्के. म्हणून सगळं बजेट तिथेच संपवायचा मोह होतो.

हिशोब असा मांडा. पेटीचा भाव भागिले पेटीतले राउंड, म्हणजे एका राउंडचा भाव. समजा .३२चा राउंड १०० रुपयांना पडला. महिन्यातून एकदा रेंज, दर वेळी २० राउंड. वर्षाला २४०, म्हणजे २४,००० रुपये. परवान्याच्या पाच वर्षांत १,२०,०००. शस्त्राइतकीच रक्कम. शिवाय रेंजची फी, आणि अमळनेरहून नाशिकला जायचं तर धुळ्यावरून दिवसभराचा प्रवास आणि तेल. तुमच्या दुकानातला खरा भाव घालून हे गणित घरी करा आणि मगच शस्त्राचं बजेट ठरवा.

दुसरी गोष्ट, पैसे असले तरी राउंड हवे तेवढे मिळत नाहीत. परवान्यावर दोन आकडे लिहिलेले असतात: एका वेळी किती बाळगायचे आणि वर्षात किती घ्यायचे. नवा माणूस शस्त्राचा क्रमांक वाचतो आणि हे दोन आकडे वाचत नाही. वर्षाचा आकडा ५० असेल तर वर सांगितलेला २४०चा सराव स्वतःच्या काडतुसांवर होऊच शकत नाही. दर खरेदीची नोंद परवान्यावर होते. सरावात किती झाडले हे तारखेसह वहीत लिहा. पुढे नूतनीकरणाच्या वेळी कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं.

मग नेम कसा बसवायचा? माझा मार्ग असा:

हवेचं पिस्तूल. ४.५ मिलिमीटर, .१७७ बोअरचं, आणि ज्याची ऊर्जा २० जूलपर्यंत आहे अशा हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही, ओळखपत्र दाखवून मिळतं. छर्रा अगदी किरकोळ खर्चाचा. दहा मीटरवर, मागे भक्कम आडोसा करून, पकड, श्वास, चाप हे सगळं यावर शिकता येतं. झटका नाही, आवाज नाही, त्यामुळे हाताला घाबरायची सवयच लागत नाही. पहिले शंभर तास मेहनत इथे करा.

.२२ रेंजवर. काही रेंजवर तिथलंच .२२ शस्त्र आणि तिथेच वापरायची काडतुसं मिळतात. .३२च्या एका राउंडच्या पैशांत .२२चे अनेक होतात.

सुका सराव. रिकामं शस्त्र, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, समोर भक्कम भिंत. सिलिंडर तीनदा बघायचा. नळीवर माशीच्या मागे एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. मला नाणं सलग दहा वेळा टिकायला दोन महिने लागले. .३२मध्ये डमी, म्हणजे दारू नसलेले सरावाचे राउंड घालून हे करा. .२२मध्ये डमीशिवाय सुका चाप ओढू नका, आतली सुई चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते.

.३२ शेवटी. महिन्याला फक्त १० राउंड, पण प्रत्येक मोजून. आणि सरांनी केलं तसं, दुसऱ्याकडून मध्ये एखादं रिकामं टरफल भरून घ्या.

वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे म्हणून आपल्याकडे गोळ्या स्वस्त मिळतील, असं समजणारे अनेक भेटतात. तो कारखाना लष्करासाठी आहे, तिथलं ५.५६ एमएमचं काडतूस रायफलचं, तुमच्या शस्त्रात बसत नाही आणि तुम्ही बाळगूही शकत नाही. तुमचं काडतूस परवानाधारक दुकानातूनच, बिलासह, नोंदीसह.

काडतूस जुनं झालं की संरक्षणासाठी भरोशाचं राहत नाही. भरलेले राउंड वर्षाला सरावात संपवा, नवे भरा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डमध्ये पेटी ठेवू नका. घामाचे हात लागलेले राउंड हिरवट पडतात, ते पुसून वेगळे करा.

## ७. दुकानात काय बघायचं

परवाना हातात आल्यावर त्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती पाळा. दुकानात घाई नको. सिलिंडर बंद करून हळूच हलवा, फार खुळखुळ नको. घोडा चढवून प्रत्येक घर नळीसमोर घट्ट बसतं का बघा, सहाही घरं. नळीतून पांढऱ्या कागदाकडे बघा, आतले आटे (पीळदार खाचा) स्वच्छ दिसले पाहिजेत, खड्डे नकोत. शस्त्रावरचा क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परवान्यावर चढणारा क्रमांक स्वतः अंकन्‌अंक जुळवा. एका मित्राच्या कागदात ३ आणि ८ची अदलाबदल झाली होती, ते दुरुस्त व्हायला अख्खा पावसाळा गेला.

खरेदीनंतर शस्त्र तपासणीसाठी दाखवून नोंद पूर्ण करून घ्या.

## ८. घरी ठेवणं

भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी पेटी. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ली देवघरात, डब्यात, गादीखाली नाही. मुलं सगळ्या जागा जाणतात. माझा भाचा चार वर्षांचा असताना मी शस्त्र पुसत होतो, तो दारातून आला आणि म्हणाला, "मामा, हाई काय शे?" हात पुढे केलेलाच होता. त्या दिवसापासून दार आतून बंद केल्याशिवाय मी पेटी उघडत नाही.

हातात घेताना तीन गोष्टी: प्रत्येक शस्त्र भरलेलं समजायचं, तोंड माणसाकडे कधीच नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

## ९. हद्द, लग्न आणि आचारसंहिता

परवान्यावर हद्द लिहिलेली असते: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. खान्देशात हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपण दोन राज्यांच्या वेशीवर राहतो. रावेरहून बुऱ्हाणपूरला लग्नाच्या खरेदीला जाणं आपल्याला गल्ली ओलांडल्यासारखं वाटतं, शिरपूरहून सेंधव्याला तसंच. पण ते मध्य प्रदेश. महाराष्ट्रापुरता परवाना असेल तर वेस ओलांडताच तुमचं कायदेशीर शस्त्र बेकायदेशीर होतं. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग तर गुजरातमध्ये आहे. सराफांनी तर अर्जातच, व्यवसायाची कारणं आणि पुरावे देऊन, लागेल तेवढी हद्द मागावी.

वरातीत, हळदीत, गावच्या मिरवणुकीत हवेत गोळी झाडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाव्हण्यांनी कितीही आग्रह केला तरी लग्नाला शस्त्र नेऊच नका.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. आदेश मिळाला की शेवटच्या तारखेची वाट न बघता ठाण्यात द्या. देताना शस्त्र रिकामं करून, तेल लावून, कापडात गुंडाळून द्या, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची अवस्था लिहून घ्या. मी पहिल्या वेळी फक्त "एक रिव्हॉल्वर" लिहिलेली पावती घेतली होती. परत मिळालं तेव्हा नळीत गंज होता आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आता मी जमा करायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे आणि नळीच्या आतले फोटो काढतो, आणि पावतीच्या झेरॉक्सला ते जोडून पेढीच्या कपाटात ठेवतो.